आधी लिहिलेलं मागाहून पोहोचतं

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या एखाद्या जुन्या मराठी घरी मुंज आहे असं समजा. चुलाणापाशी आचारी, मांडवात वाढपी, मधे कोठीघर, आणि कोठीघराच्या दाराशी टांगलेला फळा. फळ्यावर दोनच ओळी: आजचं गोड काय, आणि पंगत बसवायची की नाही. पहिल्या ओळीत सकाळपासून 'श्रीखंड' आहे. अकराच्या सुमाराला कळतं की चक्का आंबला. आचारी लगोलग जिलेबीचे घाणे काढतो, फळ्यावर गोडाच्या ओळीत 'जिलेबी' लिहायचा निरोप देतो, आणि त्यानंतर 'पंगत बसवा' असा दुसरा निरोप देतो. वाढपी फळ्यावर डोळा ठेवून बसलेले. 'पंगत बसवा' दिसलं, ते निघाले, आणि पानात पडलं आंबट श्रीखंड.

"अहो, जिलेबी सांगितली होती ना?" घरच्या काकू विचारतात.

"काकू, आधी जिलेबीच सांगितली, मग पंगत," आचारी म्हणतो.

"काकू, पंगत बसवा दिसलं तेव्हा आमच्याकडे गोड श्रीखंडच होतं," वाढपी म्हणतो.

दोघंही खरं बोलतात. ते कसं, हे ज्याला उलगडलं त्याला आजच्या संगणकातली एक फार अवघड गोष्ट निम्मी कळली. तिला मेमरी कन्सिस्टन्सी म्हणतात. एका कामगाराने मेमरीत ज्या क्रमाने लिहिलं, तो क्रम दुसऱ्या कामगाराला तसाच दिसेल का, दिसणार नसेल तर निदान कशाची हमी आहे, एवढाच तिचा प्रश्न. उत्तर मात्र यंत्रागणिक बदलतं. आणि एकाच खोक्यात वेगवेगळ्या जातीचे प्रोसेसर शेजारी बसवले की घोळ वाढतो.

एका खोक्यात दोन जाती

पुण्याच्या सी-डॅक या संशोधन संस्थेत परम सिद्धी-एआय नावाचा महासंगणक आहे. नोव्हेंबर 2020 च्या टॉप500 यादीत तो जगात 63 वा होता. त्यातली एक पेटी उघडली तर आत एएमडी कंपनीचे दोन एपिक प्रोसेसर सापडतात, प्रत्येकात 64 कोअर. हे झाले सीपीयू. शेजारी एनव्हिडियाचे आठ ए100, हे जीपीयू. एका ए100 मध्ये 108 उपविभाग असतात आणि एकेका उपविभागात एका वेळी जास्तीत जास्त 2048 थ्रेड, म्हणजे कामाचे स्वतंत्र धागे, नांदू शकतात. गुणाकार केला तर एका ए100 वर 2 लाख 21 हजारांवर धागे. त्यांच्यापुढे पेटीतले 128 सीपीयू कोअर म्हणजे मूठभर माणसं.

सीपीयू हा आचारी. माणसं थोडी, पण प्रत्येक जण हुशार. अडनिडं काम पटकन उरकणारा, मधेच बेत बदलला तरी न गडबडणारा. जीपीयू म्हणजे वाढप्यांचा तांडा. एकेकटा वाढपी काही विशेष करत नाही, पण हजारो जण एकदम वाकून एकच पदार्थ वाढू लागले की मांडव बघता बघता उरकतो. हवामानाचं गणित असो की भाषेचं मॉडेल शिकवणं, दोघांची जोडी उपयोगी पडते.

महासंगणकापर्यंत जायचीही गरज नाही. खिशातल्या फोनने फोटो काढला की कॅमेऱ्याच्या सेन्सरमधून आलेला कच्चा माल एक चित्र-प्रोसेसर मेमरीत टाकतो, एआयची चिप त्यात चेहरे शोधते, जीपीयू ते चित्र पडद्यावर रंगवतो आणि सीपीयू त्याची फाइल करून ठेवतो. चौघं एकाच मेमरीत हात घालतात. 'चित्र तयार आहे' हा निरोप चित्राच्या आधी पोहोचला, तर पुढचा गडी जुन्याच चित्रावर काम करून मोकळा.

निरोप्या पोरगा आणि वाढप्याची चिठ्ठी

आता आचारी आणि वाढपी दोघंही खरे कसे, ते पाहू.

पहिली गोष्ट, आचारी स्वतः फळ्यापर्यंत जात नाही. त्याचा हात घाण्यात गुंतलेला. तो चिठ्ठी लिहून पोरग्याच्या हातात देतो आणि पुढच्या कामाला लागतो. प्रोसेसरचंही असंच आहे. मुख्य मेमरी त्याच्या मानाने फार लांब आणि फार संथ. अगदी जवळच्या साठ्यातून एखादी संख्या उचलायला प्रोसेसरच्या घड्याळाचे चार-पाच ठोके लागत असतील, तर मुख्य मेमरीतून आणायला शेकडो ठोके जातात. दर वेळी 'लिहून झालं का' म्हणून थांबायचं तर दिवस थांबण्यातच जाईल. म्हणून प्रोसेसर आपलं लेखन स्टोअर बफर नावाच्या एका छोट्या रांगेत टाकतो आणि पुढे सरकतो. हा निरोप्या पोरगा. त्याच्या हातात दोन चिठ्ठ्या असतील आणि गोडाच्या ओळीशी आधीच कुणी खडू घेऊन उभं असेल, तर तो खोळंबून राहत नाही. 'पंगत बसवा' आधी लिहून टाकतो. त्याच्या दृष्टीने या दोन निरोपांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. तो संबंध फक्त आचाऱ्याच्या डोक्यात आहे.

दुसरी गोष्ट, वाढपीही दर वेळी फळ्यापाशी जात नाही. सकाळी एकदा गोडाची ओळ वाचून त्याने ती स्वतःच्या चिठ्ठीवर उतरवून घेतली. हा झाला कॅश: मेमरीतल्या माहितीची प्रोसेसरने हाताशी ठेवलेली नक्कल. आता पंगतीची ओळ त्याने फळ्यावर ताजी वाचली आणि गोडाची ओळ खिशातल्या जुन्या चिठ्ठीवरून, तर पोरग्याने अगदी इमानाने क्रम पाळला असला तरी पानात श्रीखंडच पडणार.

तिसरं कारण सहज निसटतं. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, तोही वेगासाठी ओळींची अदलाबदल करतो. म्हणजे चिठ्ठी पोरग्याच्या हातात पडायच्या आधीच तिचा क्रम बदललेला असू शकतो.

यातली एकही युक्ती कामचुकारपणाची नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. एकटाच प्रोसेसर काम करत असेल तर या सगळ्या उलथापालथीचा त्याला पत्ताही लागत नाही, कारण स्वतः लिहिलेलं स्वतःला बरोबरच दिसेल याची काळजी यंत्र घेतं. घोळ दिसतो तो शेजाऱ्याला.

लॅम्पोर्टची साधी अट

1979 साली लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने एका छोट्या लेखात अट घातली. अनेक प्रोसेसर एकत्र काम करत असतील, तर सगळ्यांची कामं एकाच रांगेत लावून दाखवता आली पाहिजेत, आणि त्या रांगेत कुणाचाही स्वतःचा क्रम मोडलेला नसावा. कोण आधी, कोण नंतर, ते कसंही असो. पण रांग एकच. याला सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सी म्हणतात. प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक माणूस, त्याने हे नाव ऐकलेलं नसलं तरी, मनात हेच धरून चालतो.

आणि नेहमीच्या वापरातला जवळजवळ कुठलाही प्रोसेसर ही अट आपणहून पाळत नाही. पाळायची म्हटलं तर निरोप्या पोरगा काढून टाकावा लागेल किंवा त्याच्यावर मोठा पहारा बसवावा लागेल.

मग प्रत्येकाने आपापली सूट घेतली. इंटेल आणि एएमडीच्या घराण्यातले प्रोसेसर बरेच सोवळे: त्यांचा पोरगा चिठ्ठ्या दिलेल्या क्रमानेच नेतो आणि वाचणाराही क्रमानेच वाचतो. आपली मुंजीतली फजिती या घराण्यात यंत्राकडून होत नाही. त्यांनी सवलत एकच ठेवली आहे. समजा दोन आचारी आहेत आणि मोठी कढई एकच. प्रत्येकाने 'कढई मी घेतली' अशी चिठ्ठी पोरग्याकडे दिली आणि मान वर करून फळ्यावर दुसऱ्याचं नाव आहे का ते पाहिलं. दोन्ही पोरगे अजून वाटेतच आहेत, फळा कोरा, आणि दोघंही कढईला हात घालतात. लॅम्पोर्टच्या रांगेत हे कधीच बसणार नाही, पण आपल्या टेबलावरच्या संगणकात हे चालतं.

आर्म घराण्याचे प्रोसेसर, जे जवळपास प्रत्येक फोनमध्ये असतात, ते फार मोकळे. तिथे चिठ्ठ्या मागेपुढे होऊ शकतात, वाचनही मागेपुढे होऊ शकतं. या फरकाची किंमत किती खरी आहे ते ॲपलने 2020 साली इंटेल सोडून स्वतःच्या एम1 चिपवर उडी मारली तेव्हा दिसलं. एम1 आर्म घराण्यातली; जुने प्रोग्राम इंटेलच्या शिस्तीवर विसंबून लिहिलेले. त्यांचं भाषांतर करताना प्रत्येक वाचन-लेखनाला पहारा लावला असता तर वेग मातीत गेला असता. म्हणून ॲपलने चिपमध्येच एक कळ ठेवली: ती दाबली की मेमरीचा क्रम इंटेलच्या शिस्तीने पाळला जातो. प्रोग्रामची भाषा बदलली, तरी मेमरीचा जुना करार हार्डवेअरमध्ये सांभाळून ठेवावा लागला.

जीपीयूची चाल वेगळी

सीपीयूमध्ये निदान एक गोष्ट हार्डवेअर सांभाळतं. कुणी फळ्यावरची एखादी ओळ बदलली, की ज्यांच्या खिशात त्या ओळीची नक्कल आहे त्या सगळ्यांकडे निरोप जातो: तुझी चिठ्ठी फाड. या व्यवस्थेला कोहिअरन्स म्हणतात. तिच्यामुळे कोणत्याही एका ओळीबद्दल सगळ्यांचं एकमत राहतं. दोन वेगवेगळ्या ओळींमध्ये आधी-नंतर काय, याची हमी त्यात नाही. ती कन्सिस्टन्सीची बाब. या दोन गोष्टींची गल्लत सहज होते.

जीपीयूत हा निरोपांचा मामला परवडत नाही. लाखो धाग्यांमध्ये कुणाच्या खिशात काय आहे याची नोंद ठेवायची आणि दर लेखनाला निरोप धाडायचे, तर वाढायचं राहील आणि निरोपच फिरत राहतील. म्हणून तिथे सोपा मार्ग काढलेला असतो. प्रत्येक उपविभागाचा स्वतःचा छोटा कॅश, पण त्यांच्यात आपसांत काही कळवाकळवी नाही. सगळ्यांचा मिळून एक मोठा सामाईक कॅश असतो. लिहिलेलं तिकडे जातं. वाचताना मात्र आपल्या छोट्या कॅशमध्ये जुनी नक्कल असली तर तीच हाती लागू शकते. ताजं हवं असेल तर वाढप्याने स्वतःच आपली चिठ्ठी फाडायची आणि पुन्हा फळ्याकडे जायचं. आठवण करून देणारं कुणी नाही.

आता परम सिद्धीच्या पेटीकडे पुन्हा पाहा. एका बाजूला एएमडीचे सोवळे सीपीयू, दुसऱ्या बाजूला हे मोकळे जीपीयू. दोघांनी एकाच माहितीत हात घालायचा तर करार कोणता धरायचा? आचाऱ्याचा, की वाढप्यांचा?

चौकट: हाताशी ठेवायचे शब्द

कॅश: मेमरीतल्या माहितीची प्रोसेसरने जवळ ठेवलेली नक्कल.
स्टोअर बफर: लिहिलेलं, पण अजून बाहेर न पोहोचलेलं ज्या रांगेत थांबतं ती जागा.
कोहिअरन्स: मेमरीतल्या एकाच जागेबद्दल सगळ्यांचं एकमत.
कन्सिस्टन्सी: वेगवेगळ्या जागांवरच्या वाचन-लेखनाचा क्रम इतरांना कसा दिसेल याचा करार.
रिलीज: 'माझं आधीचं सगळं लेखन पोहोचल्याशिवाय हा निरोप पुढे नेऊ नका.'
अक्वायर: 'हा निरोप वाचल्यावरच पुढचं वाचेन, आणि जुन्या नकला टाकून ताजं वाचेन.'

पवईची विद्यार्थिनी, विस्कॉन्सिनचा करार

सरिता अडवे यांनी 1987 साली पवईच्या आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणासाठी त्या अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात गेल्या. 1990 साली त्यांनी आणि त्यांचे मार्गदर्शक मार्क हिल यांनी एक शोधनिबंध मांडला. तोवर या विषयातली चर्चा यंत्राच्या अंगाने चाले: अमुक चिपमध्ये कोणती चिठ्ठी कोणत्या चिठ्ठीच्या पुढे जाऊ शकते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रत्येक चिपच्या पोरग्याचा स्वभाव पाठ करायचा. अडवे आणि हिल यांनी तो प्रश्न करारासारखा मांडला, दोन्ही पक्षांवर जबाबदारी टाकून.

प्रोग्रामरने एवढंच करायचं: फळ्यावरच्या ज्या ओळी निरोपासाठी वापरल्या जातात, आपल्या उदाहरणात 'पंगत बसवा' ही ओळ, त्यांच्यावर तशी खूण करायची. बाकीच्या साध्या ओळींवर दोघांनी एकाच वेळी हात घालायचा नाही. निदान त्यातला एक जण लिहीत असेल तेव्हा तरी नाही. असा हात पडला तर ती डेटा रेस. प्रोग्राममध्ये डेटा रेस नसेल, तर यंत्राने लॅम्पोर्टची अट पाळल्यासारखंच दिसलं पाहिजे. आतून पोरग्याने काय वाटेल ते करावं.

म्हणजे आचाऱ्याने 'पंगत बसवा' हा निरोप खुणेचा म्हणून द्यायचा. पोरग्याला कळतं की ही चिठ्ठी साधी नाही; आधीच्या सगळ्या फळ्यावर चढल्याशिवाय ही न्यायची नाही. वाढप्यालाही कळतं की ही ओळ वाचल्यावर खिशातलं जुनं फाडायचं. दोन्ही बाजूंनी पाळायचं, हे यातलं मर्म. एकट्या आचाऱ्याने कितीही काळजी घेतली आणि वाढप्याने खिशातून जुनी चिठ्ठी काढली, तर काकूंची तक्रार कायमच राहणार.

हा विचार पुढे भाषांमध्ये उतरला. जावाचं सुधारलेलं मेमरी मॉडेल 2004 साली जावा 5 बरोबर आलं. त्याच्या रचनेत जेरेमी मॅन्सन आणि विल्यम प्यू यांच्याबरोबर अडवे होत्या. सी++ च्या 2011 च्या प्रमाणात तोच पाया आहे, आणि तिथे हान्स बोएम यांच्याबरोबर त्यांचं काम आहे. आज इंटेलवर आणि आर्मवर एकच प्रोग्राम नीट चालतो त्यामागे हा करार आहे.

निरोप किती लांब पोहोचवायचा?

जीपीयूवर हा करार जसाच्या तसा लावायला गेलं की खर्च डोळ्यात भरतो. खुणेचा निरोप म्हणजे आधीचं सगळं बाहेर ढकलणं आणि जुनं सगळं फेकून देणं. एकाच ओळीतल्या दोन वाढप्यांना आपसांत काही कळवायचं असेल, तरी थेट कोठीघरापर्यंत हेलपाटा कशाला? त्यांच्या ओळीचा छोटा फळा पुरे.

यातून स्कोप ही कल्पना आली. निरोपासोबत सांगायचं की तो कुठवर पोहोचला पाहिजे: माझ्या गटापुरता, या एका जीपीयूपुरता, की सीपीयू धरून सगळ्या यंत्रभर. 2013 च्या ओपनसीएल 2.0 मध्ये अशा पायऱ्या आल्या. एनव्हिडियाने 2017 साली व्होल्टा पिढीबरोबर आपल्या पीटीएक्स या खालच्या पातळीवरच्या भाषेसाठी नेमका मेमरी करार जाहीर केला, त्यातही स्कोप आहेत. त्या कराराची गणिती मांडणी 2019 साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखक डॅनियल लस्टिग, समीर सहस्रबुद्धे आणि ऑलिव्हिए जिरू. जीपीयूच्या मेमरीतल्या येण्याजाण्यावर गणिताने बोट ठेवता येईल असा करार हाती येणं ही छोटी गोष्ट नव्हे. तोवर बरंचसं मोघम वाक्यांवर आणि प्रोग्रामरच्या नशिबावर चालत होतं.

स्कोपची गोम अशी की तो चुकीचा दिला तर कुणी टोकत नाही. आचाऱ्याने 'फक्त पहिल्या ओळीपुरता' म्हणून निरोप दिला आणि पाचव्या ओळीतल्या वाढप्याने तो कसाबसा वाचला, तर कराराच्या दृष्टीने ती डेटा रेसच. शंभरातल्या नव्व्याण्णव पंगतींना जिलेबीच वाढली जाईल. शंभराव्याला श्रीखंड.

2015 साली अडवे, त्यांचे विद्यार्थी मॅथ्यू सिंक्लेअर आणि जॉनाथन अल्सॉप यांनी नेमक्या याच गुंतागुंतीला शीर्षकातच नकार देणारा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, स्कोपचा बोजा प्रोग्रामरवर टाकण्याचं कारण जीपीयूचे कॅश फार भोळे आहेत एवढंच. ज्या उपविभागाने एखादी ओळ लिहिली, ती त्याच्याच मालकीची म्हणून त्याच्या कॅशमध्ये राहू दिली, तर दर निरोपाला सगळं फेकून द्यावं लागणार नाही. स्कोपशिवायही वेग जवळपास तोच मिळतो, आणि करार साधा राहतो. मला हे पटतं. यंत्राच्या आळसाची भरपाई माणसाने डोकं शिणवून करायची, हा व्यवहार दूरवर चालत नाही. पण उद्योगाने स्कोप सोडले नाहीत. बाजारात जे तयार होतं त्यावरच पुढचे मजले चढले.

न लागलेलं कुलूप

हा धोका पुस्तकी आहे असं वाटत असेल, तर एका पुस्तकाचीच गोष्ट पाहा. 'कूडा बाय एक्झाम्पल' हे जेसन सँडर्स आणि एडवर्ड कँड्रॉट यांचं 2010 चं पुस्तक. एनव्हिडियाच्या जीपीयूवर प्रोग्राम लिहायला कित्येकांनी त्यावरूनच सुरुवात केली. त्यात एक कुलूप आहे, म्हणजे एका वेळी एकाच धाग्याला सामाईक बेरजेला हात लावू देणारा छोटा प्रोग्राम. कुलूप घ्यायचं, बेरजेत आपली रक्कम मिळवायची, कुलूप सोडायचं.

वाचताना ते निर्दोष दिसतं. पण कुलूप सोडण्याआधी 'माझी बेरीज पोहोचल्याशिवाय सोडल्याचा निरोप नेऊ नका' असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे दुसऱ्या धाग्याला कुलूप मोकळं दिसायचं आणि बेरीज जुनीच दिसायची. तो जुन्या बेरजेत आपली रक्कम मिळवायचा, आणि मधली रक्कम गायब. जेड अल्ग्लेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली खऱ्या जीपीयूंवर पद्धतशीर चाचण्या करून हे दाखवून दिलं, आणि त्या पुस्तकाचं शुद्धिपत्र निघालं. याच चाचण्यांत काही जुन्या जीपीयूंवर आणखी विचित्र गोष्ट सापडली: एकाच धाग्याने एकच जागा लागोपाठ दोनदा वाचली, तर आधी नवी किंमत आणि मग जुनी किंमत मिळू शकत होती.

पाच वर्षं हे कुणाला का दिसलं नाही? कारण बहुतेक प्रोग्राम जीपीयूशी असं बारीक बोलणं करतच नाहीत. सीपीयू माल तयार करतो, जीपीयूकडे पाठवतो, काम सुरू करतो, ते पूर्ण संपेपर्यंत वाट पाहतो आणि मग उत्तर उचलतो. एक पंगत उठली की मगच फळ्यावर पुढचं लिहायचं. त्या सीमारेषेवर यंत्र आपणहून सगळं लेखन पोहोचवतं आणि जुन्या नकला टाकतं. पद्धत सुरक्षित, पण पहिली पंगत उठेपर्यंत आचारी हात बांधून बसतो. वेग वाढवायला म्हणून पंगत चालू असतानाच दोघं आपसांत बोलायला लागले की करार वाचण्याची वेळ येते.

परम 8000 ला हा त्रास का नव्हता

सी-डॅकची स्थापना 1988 साली पुण्यात झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 उभा राहिला. त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ट्रान्सप्युटर म्हणजे स्वतःची मेमरी सांभाळणारा प्रोसेसर, शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा. सामाईक फळा नाहीच. जे सांगायचं ते तारेवरून थेट हातात द्यायचं, आणि घेणाऱ्याने घेतल्याशिवाय देणारा पुढे सरकत नाही. ज्या मांडवात फळाच नाही तिथे फळ्यावरच्या ओळींच्या क्रमाचा वाद कुठून येणार? पुढच्याच वर्षीच्या परम 8600 मध्ये ट्रान्सप्युटरच्या जोडीला इंटेलचे आय860 हे आकडेमोडीत तरबेज प्रोसेसर बसवले गेले. भिन्न जातीचे प्रोसेसर एकत्र नांदवण्याचा पुण्यातला अनुभव तेव्हापासूनचा.

परम सिद्धीत दोन्ही रीती एकत्र आहेत. पेटी ते पेटी अजूनही निरोपच जातात, जुन्या परमसारखे. पेटीच्या आत फळा सामाईक. सामाईक फळ्याची सोय प्रोग्रामरला इतकी भावली की ती आता पेटीच्या आत आणखी घट्ट होते आहे. एनव्हिडियाच्या ग्रेस-हॉपरमध्ये आर्म सीपीयू आणि जीपीयू यांना जोडणारा दुवा कोहिअरंट आहे, म्हणजे एकमेकांच्या नकला रद्द करण्याचे निरोप हार्डवेअरच पोहोचवतं. एएमडीच्या एमआय300ए मध्ये सीपीयू आणि जीपीयू एकाच मेमरीवर बसतात. तरी लक्षात घ्या, याने कोहिअरन्स मिळालं. ओळींमधल्या क्रमाचा करार लिहून पाळावाच लागतो.

घरी करून पाहता येईल

ग्वाल्हेरच्या ट्रिपल आयटीएम किंवा माधव इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्याला या सगळ्यासाठी महासंगणक लागत नाही. लिटमस7 हे साधन फुकट मिळतं. अल्ग्लेव आणि लूक मारांजे यांनी अशाच चाचण्यांसाठी ते बनवलं. हाताने करायचं तर सी++ मध्ये वीसेक ओळी पुरतात. दोन धागे, एक 'गोड' बदलून मग 'तयार' बदलतो, दुसरा आधी 'तयार' आणि मग 'गोड' वाचतो. दोन्ही ठिकाणी सी++ मधली सगळ्यात सैल, 'रिलॅक्स्ड' प्रकारची खूण वापरायची, आणि कोट्यवधी वेळा फिरवायचं. इंटेल लॅपटॉपवर जिलेबीच वाढली जाते. कंपायलरने ओळी फिरवल्या नाहीत, एवढं मात्र आधी पाहून घ्यायचं. तोच प्रोग्राम अँड्रॉइड फोनवर नेला की कधीतरी श्रीखंड पडलेलं दिसतं. मग लेखनाला 'रिलीज' आणि वाचनाला 'अक्वायर' लावून पुन्हा फिरवायचं. सुरुवात करताना 'गोड' आणि 'तयार' मेमरीत एकमेकांपासून निदान 64 बाइट दूर ठेवायला विसरू नये. दोन्ही कॅशच्या एकाच तुकड्यात बसली तर बहुधा बरोबरच ये-जा करतात, आणि फोनवरही काही दिसत नाही.